तंबोरा ऐकायचा असतो



पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपल्यापैकी अनेकजण जाऊन आले असतील. हे संग्रहालय उभं करणारे दिनकर केळकर स्वतः कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं लिहायचे. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे जमवले आणि त्यांच्याबरोबर वाद्यंही जमवली. एका कवीनं लोकांच्या घरातल्या वस्तूंवर इतका जीव लावावा, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

पण तिथल्या वाद्यांसमोर उभं राहिलं की एक गोष्ट मनात येते. अडकित्ता पाहिला की कळतो. त्याची मूठ, त्याची घडण डोळ्यांना पुरते. दिवा पेटलेला नसला तरी दिवा म्हणून समजतो. वाद्याचं मात्र अर्धंच दर्शन होतं. काचेपलीकडच्या तंबोऱ्याची वेलबुट्टी दिसते, भोपळ्याची गोलाई दिसते. तो तंबोरा चांगला की सुमार, हे काही केल्या कळत नाही. त्यासाठी तार छेडावी लागते आणि प्रदर्शनात तर 'हात लावू नये' अशी पाटी असते. त्यात संग्रहालयाचा दोष नाही. शंभर-दीडशे वर्षांची वस्तू हजार हातांत कशी देणार? प्रश्न एवढाच की, वाद्य बनवण्याची कला जपायची असेल तर ती कुठं जपली जाते?

माझं उत्तर आहे, मिरजेत. आणि मिरजेत म्हणजे केवळ सतारमेकरांच्या दुकानांत नव्हे, तर त्या दुकानांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या अंगणात. आज त्या अंगणाविषयी आणि त्या दुकानांविषयी बोलायचं आहे.

आधी दुकानांविषयी. तंतुवाद्यं करणारी मिरजेची घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी घासूनपुसून लखलखीत करणारे कारागीर. राज्यं बदलली, लढाया थांबल्या, तलवारी भिंतीवर गेल्या. धार लावायला कोणी येईना. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं आणि त्यांच्या भावानं तंबोरे-सतारी दुरुस्त करायला आणि मग स्वतः बनवायला सुरुवात केली, अशी हकीकत मिरजेत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. मिरज संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच शिकले आणि पुढं १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गवई होते म्हणून वाद्यं लागत होती, वाद्यं लागत होती म्हणून कारागीर टिकले. हळूहळू शिकलगार हे आडनाव मागं पडलं आणि 'सतारमेकर' हे नाव रूढ झालं. मराठी, फारसी आणि इंग्रजी अशा तीन भाषांच्या तारा जुळवून झालेलं हे आडनाव मला फार आवडतं.

तंबोरा होतो कसा, ते थोडक्यात सांगतो. भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. हा खाण्याचा भोपळा नव्हे. जाड सालीचा, कडू, मोठ्या घेराचा. तो पूर्ण वाळवतात, कापतात, भिजवतात, आतून काठ्यांचा टेकू देऊन आकारात आणतात आणि पुन्हा वाळवतात. त्याला लाकडाचा गळा जोडायचा, दांडी जोडायची, वर तबली बसवायची. लाकूड बहुतेक तूण जातीचं, हलकं आणि नाद धरणारं. मग खुंट्या, मणी, नक्षी. पूर्वी नक्षीला हस्तिदंत आणि घोडीला सांबरशिंग वापरत. वन्यजीव संरक्षणाचे कायदे आले, ते बंद झालं. त्या जागी हाड, शिसवी, सेल्युलॉइड आणि इतर पदार्थ आले. कारागिरांनी तेही आपलंसं केलं.

इथपर्यंतचं काम डोळ्यांनी आणि हातांनी होतं. हुशार मुलगा ते काही वर्षांत शिकतो. खरी परीक्षा पुढं असते. तिचं नाव जवारी.

तबलीवर जी घोडी असते, जिच्यावरून तारा जातात, तिचा वरचा भाग पाहायला सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो अगदी किंचित उतरता, बाकदार घासलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे असंख्य उपस्वर जागे होतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत सरकवत ती नेमकी जागा सापडली की तंबोरा बोलू लागतो. चार तारांपैकी एकही गंधारात मिळवलेली नसते, तरीही खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सर सी. व्ही. रामन यांनाही या घोडीनं कोड्यात टाकलं होतं. पाश्चात्त्य तंतुवाद्यांच्या तारा ज्या नियमानं वागतात तो नियम आपल्या तंबोऱ्याची आणि वीणेची घोडी कसा मोडते, यावर त्यांनी १९२१ साली निबंध लिहिला होता.

आता गंमत पाहा. घोडी घासायची कानशीनं. पण किती घासायची हे कोणत्याही मापपट्टीवर लिहिलेलं नाही. कागदाच्या जाडीपेक्षा कमी फरकानं आवाज चिरका होतो किंवा मुका होतो. कारागीर दोनदा कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. म्हणजे कानस चालते ती कानावर. तलवारीची धार बोटावर कळत असे, जवारी कानावर कळते. आपल्या भाषेनं तर हा शब्द उचलूनच घेतला आहे. एखाद्या गायकाचा आवाज भरलेला, तेजस्वी असला की आपण त्याला जवारीदार आवाज म्हणतो. मिरजेच्या गल्लीतला हा शब्द माणसाच्या गळ्यापर्यंत जाऊन पोचला.

मग असा कान तयार होतो कुठं? लाकूडकामाच्या वर्गात तो शिकवता येत नाही. त्यासाठी चांगलं गाणं ऐकावं लागतं, समोर बसून ऐकावं लागतं, आणि लहानपणापासून ऐकावं लागतं. भोपळे कापणाऱ्या माणसाच्या घरात महागड्या मैफलींची तिकिटं कुठून येणार? इथं दर्ग्याचं अंगण येतं.

किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैराना गावचे. बडोदा, मुंबई, बेळगाव, पुणे असा त्यांचा मुक्काम होत होत त्यांनी मिरज आपलं घर केलं. मीरासाहेबांवर त्यांची मोठी श्रद्धा होती. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेतलाच, १९०५ सालचा. खाँसाहेबांच्या स्वराच्या आग्रहाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आपल्या विषयापुरती त्यांची एक गोष्ट महत्त्वाची आहे. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते. जवारी लावण्याची हत्यारं त्यांना परकी नव्हती. श्रुतींच्या अभ्यासात त्यांनी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांना साथ दिली. स्वर नेमका कुठं उभा असतो, हे शोधण्यात गवई, पेन्शनर आणि इंग्रज साहेब एकत्र बसले. असा माणूस ज्या गावात राहतो, त्या गावच्या कारागिराला ओबडधोबड काम खपवता येत नाही.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर खाँसाहेबांचं निधन झालं. गाडीत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून ते उतरले, फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळवायला लावला, नमाज पढले आणि दरबारीच्या सुरांत अल्लाचं नाव घेत गेले, असं त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. अखेरच्या घटकेलाही आधी तंबोरा जुळला, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांचं दफन मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झालं.

तेव्हापासून उरुसाच्या दिवसांत खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीतसभा होते. आवारातल्या चिंचेखाली गवई बसतो, समोर सतरंज्यांवर गाव बसतं. तिकीट नाही. कलावंत इथं बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. हजेरी हा शब्द नीट ऐका. शाळेतल्या मुलानं 'हजर' म्हणावं तशा भावनेनं मोठमोठे कलावंत इथं बसले. हिराबाई, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांनी इथं गायलं. भीमसेनजींचं तर खाँसाहेबांशी नातंच वेगळं. लहानपणी खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून त्या मुलानं घर सोडलं, आणि पुढं खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडं तो शिकला. त्या सुराचं ऋण फेडायला ते मिरजेला येत राहिले.

या उरुसाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. दर्ग्यावर मानाचा गलेफ चढतो तो चर्मकार समाजाचा. पिढ्यानपिढ्या चालत आलेला मान आहे हा. म्हणजे दर्गा पिराचा, पहिला गलेफ चर्मकारांचा, गायक बहुतेक हिंदू, तंबोरा मुसलमान कारागिराच्या हातचा, भोपळा पांडुरंगाच्या पंढरीकडचा. हे कोणी समिती नेमून ठरवलेलं नाही. गरजेपोटी आणि श्रद्धेपोटी ते असं जुळत गेलं.

आता पाहा, त्या सतरंजीवर कोण कोण बसलेलं असतं. गावातले रसिक असतात, बाहेरगावचे पाहुणे असतात, आणि कडेला कुठंतरी वाद्य बनवणाऱ्या घरांतली माणसं असतात, पोरंटोरं असतात. इतर श्रोते राग ऐकतात. ही माणसं आणखी एक गोष्ट ऐकत असतात. मागं बसलेल्या शिष्याच्या हातातला तंबोरा रात्र चढेल तसा कसा बोलतो आहे, थंडी पडल्यावर तार उतरली का, जवारी उघडी आहे की बंद. आपण विकलेली वस्तू कामाला कशी लागते हे पाहायला बहुतेक कारागिरांना मिळत नाही. कुंभाराला दुसऱ्याच्या घरातलं पाणी चाखायला मिळत नाही. मिरजेच्या कारागिराला मात्र आपल्या गल्लीतला तंबोरा मोठ्या गवयाच्या पाठीशी ऐकायला मिळतो. म्हणून मी म्हणतो, दर्ग्याचं अंगण हा त्या कारखान्यांचाच एक भाग आहे. दुकानात वाद्य तयार होतं, अंगणात कान तयार होतो.

आता आजची स्थिती. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणीला, कोल्हापुरी चपलेला मिळालं तसं. 'मिरजेचा तंबोरा' म्हणून दुसरीकडची वस्तू विकायला आता कायद्यानं अटकाव आहे. ही आनंदाची गोष्ट आहे आणि त्यासाठी ज्यांनी खटपट केली त्यांचं अभिनंदन. पण मानांकन नाव राखतं. ते जवारी लावायला शिकवत नाही.

तंबोऱ्याची गरजच कमी होते आहे. गेली चाळीसेक वर्षं विजेवरचे तंबोरे बाजारात आहेत आणि आता तर फोनमध्ये तंबोरा मिळतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, लोकलनं प्रवास करणाऱ्या विद्यार्थिनीनं चार-साडेचार फुटी तंबोरा ठेवायचा कुठं आणि न्यायचा कसा? तिला यंत्रानं सूर दिला, रियाज दिला, हे मान्य करायला हवं. फक्त एक फरक ध्यानात ठेवावा. यंत्र सूर देतं, तंबोरा सूर मागतो. तो जुळवावा लागतो. जुळवता जुळवता शिकणाऱ्याचा कान तयार होतो. जो शिकणारा कधीच तार जुळवत नाही, त्याला चांगला तंबोरा आणि वाईट तंबोरा यांतला फरक कळेनासा होतो. आणि ज्या दिवशी गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, त्या दिवशी कारागिराला तो राखण्याचं कारण उरत नाही. कला मरते ती अशी, दोन्ही बाजूंनी.

इकडं कारागिरांच्या घरांतली मुलं शिकली, नोकऱ्यांना लागली. लागावीतच. वर्षानुवर्षं बसून जवारी शिकायची आणि महिन्याकाठी मिळकत किती याचा भरवसा नाही, अशा धंद्यात 'परंपरा राख' असा उपदेश त्यांना कोणत्या तोंडानं करायचा? परंपरेचं ओझं नेहमी गरिबाच्याच डोक्यावर का असावं?

आणखी एक गोष्ट अवघड आहे, पण बोलायला हवी. २००९च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली. संचारबंदी लागली, आजूबाजूच्या शहरांतही लोण गेलं. त्या दिवसांत बाहेरचे लोक मिरजेचं नाव घेत, ते दंगलीचं गाव म्हणून. मी मराठीत लिहिणारा मुसलमान. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि कविता आपसूक मराठीत आली. अशा माणसाला त्या दिवसांत दोन्हीकडून विचारलं जातं, 'तुम्ही कुणाचे?' माझ्यापाशी या प्रश्नाला भाषणबाजीचं उत्तर नाही. मला तंबोऱ्याचं उदाहरण पुरतं. चार तारा चार ठिकाणी बांधलेल्या असतात. त्यांचा ताण सारखा नसतो, जाडी सारखी नसते. एक पितळेची, बाकीच्या पोलादाच्या. त्यांना एकसारखं करायला कोणी जात नाही. एकमेकींना ऐकत जुळवतात, आणि मग जो गंधार कोणत्याच तारेत बांधलेला नाही तो ऐकू येतो. पण जुळवलेला तंबोरा तसाच ठेवला तर उतरतो. हवा बदलली की उतरतो. रोज पुन्हा जुळवावा लागतो. गावाचंही तसंच आहे. दर्ग्यातली संगीतसभा, गावातल्या अंबाबाईच्या नवरात्रातलं गाणं, ही त्या गावाची रोजची खुंटी पिळणं आहे. ते थांबू देता कामा नये.

मग आपण, म्हणजे मिरजेबाहेरच्या सामान्य माणसांनी काय करावं? मोठ्या योजना सरकार आखील. मला तीन साध्या गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट प्रदर्शनांची. हस्तकलेची प्रदर्शनं शहरोशहरी भरतात. तिथं तंबोरा, सतार मांडली तर शेजारी कारागीर बसवा, आणि त्याच्या शेजारी वाजवणारा बसवा. घोडीवर कानस फिरण्याआधीचा आवाज आणि फिरल्यानंतरचा आवाज लोकांना ऐकवा. पाच मिनिटांत लोकांना जे कळेल ते पाच पानी माहितीपत्रकानं कळणार नाही. एखाद्या मुलाला भोपळ्याला कान लावू द्या. जुनी, जपायची वाद्यं काचेआड राहू देत. पण एक नवा तंबोरा हात लावण्यासाठी बाहेर ठेवा.

दुसरी गोष्ट नाट्यगृहांची, संगीतमंडळांची आणि महाविद्यालयांची. आपल्या गावातल्या सभागृहात तंबोऱ्यांची एक चांगली जोडी असावी. खुर्च्या घेतो, ध्वनिक्षेपक घेतो, तसं हेही सभागृहाचं सामान आहे. वर्षातून एकदा ती जवारीसाठी मिरजेला पाठवावी किंवा कारागिराला गावी बोलवावं. नव्या वाद्याच्या मागणीपेक्षा नियमित दुरुस्तीच्या कामानं घर अधिक खात्रीनं चालतं.

तिसरी गोष्ट फुकटची आहे. मैफल सुरू होताना निवेदक नावं सांगतो. गायक अमुक, तबल्यावर अमुक, पेटीवर अमुक, तंबोऱ्यावर अमुक आणि तमुक. त्याच दमात आणखी एक वाक्य म्हणावं. 'हे तंबोरे अमक्या कारागिरांनी बनवले आहेत.' कवितेखाली कवीचं नाव छापतात. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकार सही करतो. ज्याच्या जवारीवर अख्खी मैफल उभी राहते, त्याचं नाव मात्र दांडीवरच्या चिठ्ठीत, शिष्याच्या तळहाताखाली झाकलेलं असतं. हे नाव दरवेळी मोठ्यानं घेतलं गेलं, तर सभागृहात कडेला बसलेल्या त्याच्या मुलाला बापाच्या धंद्याची लाज वाटणार नाही. कदाचित तो मुलगा सकाळी कानस हातात घेईल. घेईलच असं नाही. पण त्यानं न घेण्याचं एक कारण तरी आपण कमी केलेलं असेल.

ज्यांना जमेल त्यांनी उरुसाच्या दिवसांत एकदा मिरजेला जावं. मिरज जंक्शन आहे, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या गाड्या तिथं थांबतात. संध्याकाळी सतारमेकरांच्या गल्लीतून एक फेरी मारावी. दुकानांत टांगलेले भोपळे पाहावेत, कारागीर मोकळा असेल तर दोन शब्द बोलावं. मग रात्री दर्ग्यात जाऊन मिळेल त्या जागी बसावं. गाणं सुरू होण्याआधी तंबोरे जुळत असतात, त्या वेळात आपण बहुधा शेजाऱ्याशी गप्पा मारतो. तेवढी पाच मिनिटं तेवढं गप्प बसावं, आणि ऐकावं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)